शंभर मानू

रुवीच्या या तिसऱ्या मजल्यावर
चारच्या सुमारास वह्या उघडतात.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं,
जेवणाच्या टेबलावर मेणकापड, त्यावर सात जणांची कोपरं
आणि माझं रोजचं पहिलं वाक्य:
खरेदी किंमत शंभर मानू.

मानायला काय जातं.
शंभर मानलं की गणित कणकेसारखं मऊ येतं हाताला.

पुस्तकातला व्यापारी मोठा सुखी माणूस.
एका ओळीत सायकल घेतो, पुढच्या ओळीत विकतो,
मधे एक रात्रसुद्धा नाही,
वादीचं पाणी गोदामात शिरत नाही.
झैद सरगुरोह पेन्सिल चावत विचारतो,
"टीचर, पण विकली कधी?"
"कधी म्हणजे?"
"किती महिने उभी होती दुकानात?
अब्बा म्हणतात, उभा माल भाडं खातो."

मत्राहच्या सूकमध्ये त्याच्या अब्बांचं बॅगांचं दुकान.
गेल्या रमजानपासून काचेवर एकच कागद:
सगळा माल निम्म्या किमतीत.
झैदची तीन महिन्यांची फी यायची आहे,
ती मी मागत नाही, ती कुठल्याच रकान्यात नाही.

मी म्हटलं, उदाहरणात दिलं नाही ते धरायचं नाही.
त्यानं नाही धरलं.
नफा शेकडा साडेबारा.
मागची उत्तरं बघून बरोबरची खूण केली
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: भाडं?

इथल्या रियालचे हजार बैसे होतात,
दशांश चिन्हापुढे तीन घरं.
मिरजेहून आले तेव्हा तिसऱ्या घराशी अडखळायचे,
भाजीवाल्याला वाटायचं, बाई घासाघीस करतेय.
आता पंचवीस बैशांचं नाणं सोफ्याखाली गेलं
तर झाडू घालून काढते.

शेवटचं उदाहरण असं होतं:
किंमत शेकडा वीस उतरवली,
मग शेकडा वीस चढवली,
दुकानदार होता तिथे आला का?
सातातले सहा म्हणाले, आला.
फळ्यावर लिहिलं: शंभर. ऐंशी. शहाण्णव.
चढतानाचे वीस टक्के ऐंशीचे असतात, पोरांनो,
शंभर आता कुठे राहिलेत?
सगळी गप्प,
कुणी खिशात हात घालून काही काढून नेल्यासारखी.
झैद तेवढा खिडकीबाहेर बघत होता.

रात्री नऊला विद्याधर आला. हातात हलव्याचा डबा,
केशराचा, वर काजू, साडेतीन रियालचा.
"दोन वर्षांपूर्वी कापलेले वीस टक्के,
पत्र आलं आज. या महिन्यापासून
वीस टक्के वाढ!"
पाचशेचे चारशे झाले होते तेव्हा.
चारशेचे आता
माझ्या डोक्यातला खडू आपोआप चालू लागला,
थांबवेना.
चारशे ऐंशी.

मी चमचे आणले.
हलवा अजून कोमट होता, टाळूला चिकटत होता,
बोलावं लागू नये म्हणून मोठा घास घेतला.
वीस रियाल म्हणजे महिन्याचं विजेचं बिल,
उन्हाळा सोडून.

डबा अर्धा झाल्यावर तो म्हणाला,
"वीस कमी आहेत. माहितेय मला.
पंधरा वर्षं स्टोअर सांभाळतोय गं,
पडताळा केल्याशिवाय सही करतो का मी?"
मग चमचा चाटत, डब्याकडे बघत,
"दुकानावरनं येत होतो. घ्यावासा वाटला."

भांडी आवरून वह्या तपासायला बसले.
तो झोपला होता, पत्र टीव्हीखाली,
रिमोटनं दाबून ठेवलेलं.
झैदच्या पानावर उत्तर बरोबर होतं,
पायऱ्या बरोबर होत्या,
पाचपैकी पाच दिले.
मग समासातल्या त्या शब्दापुढचं प्रश्नचिन्ह
लाल पेनानं खोडलं
आणि शेजारी लिहिलं: धर.